वॉर्डातला उस्ताद

नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. डोक्यावर स्कार्फ घेतलेली मुलगी, नुकतीच मिसरूड फुटलेला मुलगा, आणि खाली ठळक आकड्यांत ७२० पैकी मिळालेले गुण. देगलूर नाक्यापासून गंजगोलाईपर्यंत पेढे वाटले जातात, मशिदीत दुआ होते, आणि घरच्यांना वाटतं, आता पोर डॉक्टर झालीच. यापुढे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप असते. या काळात मूल कोणाच्या हाताखाली शिकणार आणि तो शिकवणारा माणूस कसा आहे, याची चौकशी मात्र फारसं कोणी करत नाही. कॉलेज सरकारी की खाजगी, फी किती, घरापासून लांब किती, इथे आपली चर्चा संपते.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वैद्यकशास्त्र माझा विषय नाही, पण शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्या वर्गातून गेलेली काही मुलं आज एमबीबीएसच्या वेगवेगळ्या वर्षांत आहेत आणि ईदच्या सुट्टीत भेटायला येतात. त्यांच्या गप्पांत विषयांपेक्षा माणसं जास्त असतात. "मॅडम, मला फिजिऑलॉजी आवडतं" असं म्हणणाऱ्या मुलाला थोडं खोदून विचारलं की कळतं, त्याला फिजिऑलॉजीचे सर आवडतात. आणि एखादा विषय "बेकार" असेल तर त्यामागे बहुतेक वेळा एक आवाज असतो, चारचौघांत ओरडणारा.

शिक्षणशास्त्रात या गोष्टीचा अभ्यास जुना आहे. १९७६ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्ग इथल्या मार्टन आणि साल्यो या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक लेख वाचायला दिला आणि नंतर प्रश्न विचारले. काहींनी शब्द लक्षात ठेवायचा प्रयत्न केला होता, तर काहींनी लेखकाला काय म्हणायचंय ते शोधलं होतं. पहिल्याला वरवरचं शिकणं म्हणतात, दुसऱ्याला खोलवरचं. पुढे त्यात तिसरा प्रकार जोडला गेला: गुणांवर डोळा ठेवून, परीक्षक काय विचारेल याचा अंदाज बांधून शिकणं. एकच मूल एका विषयात वरवरचं शिकतं आणि दुसऱ्या विषयात खोलवर जातं. म्हणजे हा काही जन्मजात स्वभाव नव्हे, समोरची परिस्थिती मुलाला तसं शिकायला लावते. आणि वर्गातली परिस्थिती म्हणजे मुख्यतः शिक्षक.

शिक्षक हा वर्गाचा पुढारीच असतो. १९३९ मध्ये कर्ट लेविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे गट केले. मुलांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली आणि प्रत्येक गटाला वेगळ्या तऱ्हेचा म्होरक्या दिला. एक हुकूम सोडणारा, एक मुलांशी बोलून ठरवणारा, एक नुसता बसून राहणारा. हुकूम सोडणाऱ्याच्या गटात काम झपाट्याने होत होतं, पण तो खोलीबाहेर गेला की मुलं थांबायची. बोलून ठरवणाऱ्याच्या गटात तो बाहेर गेला तरी काम चालू राहायचं. बसून राहणाऱ्याच्या गटात काम कमी झालं आणि जे झालं तेही कच्चं. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर काय होतं ते आम्हा शाळावाल्यांना सांगायला अमेरिका लागत नाही. पण डॉक्टरच्या बाबतीत हा खेळ राहत नाही. रात्री तीन वाजता, प्राध्यापक घरी झोपलेले असताना, खाटेजवळ उभा राहून डॉक्टर काय करतो, यावर पेशंटचं सगळं अवलंबून असतं.

आता आपली मुलं तिथवर कुठून येतात ते पाहू. लातूर पॅटर्न देशभर माहीत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे तेव्हाचे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं, त्याचे पहिले कुलगुरूही तेच. मूळ पॅटर्नचा गाभा शिक्षकांची मेहनत हा होता. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या, पेपर तपासून मुलाला समोर बसवून चूक दाखवणं. गरीब मराठवाड्यातली मुलं पुण्या-मुंबईच्या पुढे जाऊ लागली ती त्या कष्टांमुळे, हे कोणीही मान्य करील. त्यानंतर क्लासेस आले. आज एकेका बॅचमध्ये शेकडो मुलं आणि समोर माईक घेतलेले सर. सर बोलतात, मुलं लिहितात, रविवारी टेस्ट, सोमवारी भिंतीवर क्रमवारी. नीटची रचनाही तशीच आहे: १८० प्रश्न, त्यातले ९० जीवशास्त्राचे, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. एनसीईआरटीच्या पुस्तकाची ओळन् ओळ ज्याच्या डोक्यात बसली त्याचा नंबर लागतो. शंका विचारणारा मुलगा तिथे इतरांचा वेळ खातो. दोन वर्षं, ड्रॉप घेतला तर तीन, मूल असं शिकतं आणि जिंकतं. जिंकलेली रीत कोण सोडेल?

तीच रीत घेऊन ते विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जातं, नाहीतर लातूरच्या विलासराव देशमुख वैद्यकीय विज्ञान संस्थेत, किंवा आणखी कुठे. नांदेडचं कॉलेज १९८८ चं, लातूरचं सरकारी कॉलेज २००२ चं. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राची चौरसियांची जाडजूड पुस्तकं हातात पडतात आणि मूल तीही एनसीईआरटीसारखी पाठ करायला बसतं. महिन्याभरात दमतं, कारण ती पाठ होण्यासारखी नसतात. इथेच शिक्षक कसा भेटतो याला महत्त्व येतं.

माझ्या एका विद्यार्थिनीचा अनुभव सांगते. तिचं आणि कॉलेजचं नाव लिहीत नाही. मोठ्या रुग्णालयांत मेडिसिन विभागाची युनिटं असतात, आणि मुलांना पाळीपाळीने त्यांत पाठवतात. पहिल्या युनिटचे सर राऊंडला आले. खाटेवर पायाला सूज आलेली एक बाई होती. सरांनी विचारलं, "पायाला सूज येण्याची कारणं सांग." हिने पाच सांगितली, सहावं आठवेना. "नीटला पास कशी झालीस? कोट्यातून का?" मुलं हसली. पेशंट बाईही बघत होती. त्या रात्री हिने दहा कारणांची यादी पाठ केली. दुसऱ्या दिवशी सरांनी कावीळ विचारली, मग काविळीची यादी. चौथ्या दिवसापासून ती उंच मुलांच्या मागे, तिसऱ्या रांगेत उभी राहू लागली. पुढचे दिवस ती वॉर्डात होती ती हजेरीपुरती. यादी मात्र आजही तोंडपाठ आहे, असं ती म्हणते, आणि त्यातलं तिला काही कळलं नव्हतं, असंही तीच म्हणते.

दुसऱ्या युनिटला मॅडम होत्या. तशीच पायाला सूज आलेली एक मावशी, देगलूरच्या पलीकडची, थोडं मराठी, थोडं तेलुगू, बरीचशी दखनी बोलणारी. मॅडम म्हणाल्या, "कारणं नंतर. आधी मावशींशी बोलून या. वीस मिनिटं." ही गेली. घरी बोलतो त्याच भाषेत विचारलं, "सूजन कब आती, खाला?" खाला म्हणाली, दिवस कलला की चपला पायात जात नाहीत, सकाळी उठलं की उतरलेली असते. झोप? दोन-तीन उशा घेतल्याशिवाय नाही, आडवं पडलं की जी घाबरतो. ही परत आली आणि जे ऐकलं ते सांगितलं. मॅडमनी विचारलं, "संध्याकाळीच का वाढत असेल?" हिने विचार करून सांगितलं, दिवसभर पाय खाली असतात, पाणी खाली उतरतं. "आणि आडवं पडल्यावर दम का?" तेच पाणी वर येतं, हृदय थकलंय, त्याला ते ओढवत नाही. "बरं, हीच सूज सकाळी उठल्या उठल्या डोळ्यांभोवती दिसली असती तर?" मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "किडनी." त्या संध्याकाळी हिने पुस्तक उघडलं. कोणी सांगितलं नव्हतं, परीक्षा दोन महिने लांब होती.

मुलगी तीच, आजार तोच, पुस्तकही तेच.

या प्रसंगात आपल्या मुलांसाठी आणखी एक गोष्ट आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून गेलेलं मूल पहिली दोन वर्षं इंग्रजीच्या ओझ्याखाली गप्प असतं. २०१८ पासून नीट उर्दूतूनही देता येते, पण आतमध्ये लेक्चर, पुस्तक, तोंडी परीक्षा सगळं इंग्रजी. असं मूल प्रश्न विचारत नाही आणि शिक्षकाला वाटतं, याला काही येत नाही. पण पेशंटजवळ गेल्यावर पारडं फिरतं. छातीत कळ, चमक, पोटात गोळा उठणं, हातपाय गळून जाणं, कलेजे में जलन, या शब्दांचा नेमका अर्थ ज्याला घरातून मिळालाय तो पेशंटची हकीकत इतरांपेक्षा चांगली काढतो. ज्या शिक्षकाला हे दिसतं तो अशा मुलाला पुढे बोलावतो, आणि एकदा पुढे आलेलं मूल मग इंग्रजीशीही झुंजतं. ज्याला दिसत नाही त्याच्या वर्गात ते पाच वर्षं मागच्या रांगेत काढतं आणि तसंच डॉक्टर होतं.

कोणी म्हणेल, बाई, कडक उस्तादाशिवाय इल्म येतं का? मला कडकपणाबद्दल तक्रार नाही. त्याच मॅडमनी हात न धुता पेशंटला हात लावणाऱ्या मुलाला वॉर्डाबाहेर काढलं होतं, आणि मुलांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. एखाद्याचं हृदय बंद पडलेलं असताना चर्चा करत बसणारा पुढारी कामाचा नाही, तिथे एकाने हुकूम द्यायचा आणि बाकीच्यांनी धावायचं. कडकपणा कामाबद्दल असला तर मूल काम सुधारतं. तो मुलाच्या जातीबद्दल, माध्यमाबद्दल, स्कार्फबद्दल, बापाच्या धंद्याबद्दल असला तर मूल फक्त लपायला शिकतं. आणि लपायला शिकलेला डॉक्टर धोकादायक असतो. अमेरिकेतल्या एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगला पुढारी असलेल्या गटांत चुका कमी नोंदलेल्या असतील असं त्यांना वाटलं होतं. निघालं उलट: तिथे नोंदी जास्त होत्या, कारण तिथे लोक चूक लपवत नव्हते. बाकीच्या ठिकाणी चुका होत होत्याच, फक्त वहीत उतरत नव्हत्या.

आपल्या परंपरेत याचा एक सुंदर दाखला आहे, आणि मदरशात नि शाळेत तो अधिक सांगितला जायला हवा असं मला नेहमी वाटतं. मोठे हकीम अबू बक्र अल-राझी दहाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रय आणि बगदादला काम करत होते. ते आपल्या शागिर्दांना कसं बसवत, याचं वर्णन इब्न अल-नदीम यांनी ‘अल-फिहरिस्त’ या ग्रंथात करून ठेवलं आहे. राझींच्या जवळ त्यांचे शागिर्द, त्यांच्या पलीकडे त्या शागिर्दांचे शागिर्द, त्यांच्याही पलीकडे आणखी नवे. पेशंट आला की तो आधी सर्वांत बाहेरच्या फळीला आपली तक्रार सांगे. त्यांना उत्तर सापडलं तर ठीक, नाहीतर तो आतल्या फळीकडे जाई, आणि तिथेही अडलं तर शेवटी राझी स्वतः बोलत. विचार करा, सर्वांत नवख्या मुलाला सर्वांत आधी बोलायची संधी, आणि सर्वांत मोठा माणूस सर्वांत शेवटी. आज आपल्याकडे राऊंडला नेमकं उलट होतं. याच राझींनी जालीनूस म्हणजे गेलनच्या मतांवर शंका घेणारा ग्रंथ लिहिला. गेलनला ते उस्ताद मानत होते आणि उस्तादाचं म्हणणं तपासून घेणं हीही त्यांना अदबच वाटत होती.

वरच्याने खालच्याला कसं वागवायचं हे वॉर्डात साखळीने उतरतं. प्राध्यापक सहयोगी प्राध्यापकाला बोलतो, तो सीनियर रेसिडेंटला, तो ज्युनियरला, ज्युनियर इंटर्नला, इंटर्न तिसऱ्या वर्षाच्या मुलाला, आणि मुलगा शेवटी पेशंटच्या नातेवाइकावर खेकसतो. सासूने सोसलं म्हणून सुनेला छळायचं, अशातली गत. ही साखळी प्राध्यापकापाशी सुरू होते असंही नाही. ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळं होती. साऱ्या देशाचं लक्ष गेलं. दोन दिवसांनी हिंगोलीच्या तेव्हाच्या खासदारांनी तिथे येऊन रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला आणि त्याचं चित्रीकरण सगळीकडे फिरलं. संडास घाण होते आणि लोकांचा संताप खरा होता. पण त्या कॉलेजात शिकणारी शेकडो मुलंही ते चित्रीकरण बघत होती. चूक झाली की माणसाला चारचौघांत खाली पाडायचं, औषधं का नव्हती, माणसं का कमी होती हे मागाहून, असा धडा त्यांना कुठल्याही लेक्चरपेक्षा लख्ख मिळाला.

आणि साखळी तुटायच्या जागी कोणीच उभं नसेल तर काय होतं, हे आपण २०१९ मध्ये पाहिलं. जळगावची डॉ. पायल तडवी, तडवी भिल्ल समाजातली, आपल्यातलीच लेक. मिरजेला एमबीबीएस करून मुंबईच्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विभागात पदव्युत्तर शिकत होती. २२ मे २०१९ रोजी तिने जीव दिला. सीनियर मुली जातीवरून छळत होत्या असा आरोप झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिच्या आईचं, आबेदाबाईंचं म्हणणं होतं की तक्रार आधीच कानावर घातली होती. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आई म्हणून माझ्या मनात राहतं ते इतकंच, की अशा विभागात वरच्यांपैकी कोणीतरी एकाने वेळेवर त्या मुलीला बाजूला घेऊन "बेटा, काय चाललंय?" असं विचारायला हवं होतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने २०२४ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांची पाहणी जाहीर केली. त्यात सुमारे २८ टक्के मुलांनी आपल्याला मानसिक आजाराचा त्रास असल्याचं सांगितलं.

शिक्षक म्हणून मला एका गोष्टीचं नवल वाटत आलं आहे. पाचवीच्या मुलांना शिकवायचं तर मला बीएड लागलं, पाठ घ्यावे लागले, मागच्या बाकावर बसून कोणीतरी माझ्या चुका टिपल्या. वैद्यकीय प्राध्यापक मात्र एमडी झाला की शिकवायला उभा राहतो. जसं त्याला शिकवलं गेलं तसं तो शिकवतो. आता आयोगाने त्यांच्यासाठी शिकवण्याच्या पद्धतीचा छोटा अभ्यासक्रम सक्तीचा केला आहे. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रमही बदलला. सुरुवातीला पायाभूत वर्ग, पहिल्याच वर्षी पेशंटची ओळख, आणि वागणूक, नीतिमत्ता, संवाद यांचे वेगळे पाठ, ज्यांना मुलं ‘एटकॉम’ म्हणतात. कागदावर हे सारं उत्तम आहे. पण काही ठिकाणी एटकॉमचा पाठही शंभर-दीडशे मुलांना पडद्यावर स्लाइड दाखवून होतो, पेशंटशी कसं बोलावं याचे सहा मुद्दे, आणि मुलं ते मुद्दे पाठ करतात! शिवाय लेविनचा तो तिसरा म्होरक्या, नुसता बसून राहणारा, इथेही आहे, कधी कधी तर बसलेलाही नसतो. प्राध्यापकांनी कॉलेजात यावं म्हणून आयोगाला आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी लावावी लागली, यातच काय ते आलं.

मग घरच्यांनी काय करायचं? प्राध्यापक बदलणं आपल्या हातात नाही. पण रोजच्या फोनवर आपण काय विचारतो ते आहे. आपला फोन बहुधा "जेवलास का" पासून सुरू होऊन "इंटर्नलला किती पडले" वर संपतो. "आज कोणता पेशंट बघितलास, त्याला काय होत होतं" असं विचारून बघा. अब्बूंना मधुमेह असेल, फुफूला दमा असेल, तर सुट्टीत मुलाला त्यांची हकीकत घ्यायला बसवा, निदान सांगायला लावू नका. जे मूल घरी सांगू शकतं की आज मला उत्तर आलं नाही, आणि त्यावर घर शांत राहतं, त्याला वॉर्डात तेच म्हणायची हिंमत येते. मूल एकदम गप्प झालं, विषयच टाळू लागलं, तर त्याला आळशी म्हणण्याआधी कोणत्या युनिटला आहे ते विचारा. छळ असेल तर महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि देशपातळीवरची १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालते. बहुतेक कॉलेजांत प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक शिक्षकही नेमून दिलेला असतो. त्याचं नाव किती पालकांना माहीत असतं?

यंदा ज्यांच्या घरी कॉलेजांची पसंतीची यादी भरायची आहे त्यांना एक सुचवते. गेल्या वर्षीचे कटऑफ सगळेच बघतात. तुम्ही त्या कॉलेजातल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाठा, आपल्या ओळखीत कोणी ना कोणी निघतंच, आणि सरळ विचारा: राऊंडला "मला माहीत नाही" असं म्हटलं तर तिथे काय होतं? कोणते सर, कोणत्या मॅडम थांबून समजावतात? मुलं याची उत्तरं नावानिशी देतात, फक्त त्यांना कोणी विचारलेलं नसतं. फोन रात्री नऊनंतर करा. दिवसा ती वॉर्डात असतात.